एकच सिलिंडर मिस मारतोय? आधी तो कोणता ते शोधा, पाना नंतर उचला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची १९७२ची अँबेसेडर मार्क टू, ठाण्यात चरईत बिल्डिंगखाली दीड वर्ष उभी होती. बॅटरी बदलून, टाकी धुऊन सुरू केली, तेव्हापासून आयडलिंगला थरथरते, सायलेन्सरमधून ठरावीक अंतरानं 'फट्' असा आवाज येतो आणि माजिवड्याच्या पुलावर चढताना दम लागल्यासारखी ओढते. प्लग बदलले, प्लगच्या तारा बदलल्या, कार्बुरेटरला दोनदा नवं किट टाकलं. फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतो इंजिन उघडावं लागेल, आणि तुम्ही विचारताय की उघडू द्यावं का.

आत्ताच नाही. आणि नाही का म्हणतो ते नीट सांगतो, कारण या गाडीशी तुमचं नातं प्रश्नातूनच कळतं आणि अशा गाड्या अर्धवट निदानावर उघडल्यामुळे बिघडलेल्या मी बऱ्याच पाहिल्यात.

तुम्ही विचारलंय 'आता काय बदलू?' खरी अडचण वेगळी आहे. कोणता सिलिंडर मिस मारतोय, थंड असताना की गरम झाल्यावर, आयडलिंगला की लोडवर, हे अजून कोणी पाहिलेलंच नाही. ते कळेपर्यंत टाकलेला प्रत्येक नवा पार्ट हा अंदाज आहे. शिवाय नव्या पार्टमुळे कधीकधी दुसराच दोष शिरतो आणि मग दोन दुखणी एकमेकांत मिसळतात.

माझी विचार करायची पद्धत अशी. इंजिनातल्या वस्तूंचे मनात दोन गठ्ठे करायचे. पहिल्यात चारही सिलिंडरना सामाईक असलेल्या वस्तू: कार्बुरेटर, पेट्रोल पंप, कॉइल, कंडेन्सर, रोटर. दुसऱ्यात ज्या त्या सिलिंडरच्या स्वतःच्या: त्याचा प्लग, त्याची तार, डिस्ट्रिब्युटर (ठिणगी चौघांना वाटून देणारा भाग) त्याच्या कॅपमधला त्याचा पॉइंट, म्हणजे तारेचं आतलं टोक, त्याचे दोन व्हॉल्व, टॅपेट, पुशरॉड, रिंगा. तुमच्या वर्णनात आवाज ठरावीक अंतरानं येतोय, म्हणजे बहुधा एकच सिलिंडर दर फेरीला चुकतोय. तसं असेल तर एकुलत्या एका कार्बुरेटरवर संशय घेण्यात फारसा अर्थ नाही. तो चौघांनाही एकच मिश्रण पाठवतो. तिघांना पुरतं आणि चौथ्याला पुरत नाही, असं तो सहसा करत नाही. याउलट मिस मारणारा सिलिंडर बदलत राहिला, आत्ता एक, मग दुसरा, तर दुसरा गठ्ठा सोडून पहिल्याकडे वळायचं.

या नियमाला एक अपवाद आहे. ठिणगी सगळीकडेच अशक्त असेल तर आधी चुकतो तो सगळ्यात दुबळा सिलिंडर, म्हणजे ज्याचा प्लग तेलकट आहे किंवा ज्याचा गॅप जास्त आहे तो. तेव्हा एक सिलिंडर सापडला म्हणून कॉइल लगेच निर्दोष ठरत नाही.

तुमच्या गाडीच्या इंजिनाची ठेवणही लक्षात घ्या, तिचा निदानात मोठा उपयोग होतो. हे १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्याचं ओव्हरहेड व्हॉल्व इंजिन. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, एक नंबर रेडिएटरच्या बाजूला. हेडमध्ये इनलेटचे पोर्ट दोनच आहेत: १ आणि २ मिळून एक, ३ आणि ४ मिळून एक. एक्झॉस्टचे तीन: १चा स्वतंत्र, ४चा स्वतंत्र आणि मधला २ व ३ मिळून. म्हणून इनलेटच्या बाजूला मॅनिफोल्ड गॅस्केटमधून हवा शिरत असेल तर शेजारचे दोघे एकत्र आजारी पडतात. हेड पॅकिंग दोन सिलिंडरच्या मधे फुटलं तरी जोडीच सापडते. म्हणजे एकटा की जोडी, एवढ्यावरूनच निम्मी वाट ठरते. हल्ली बरेच जण तापमान मोजायची बंदूक घेऊन मॅनिफोल्डवर धरतात आणि थंड फाटा शोधतात. टोकाच्या दोघांसाठी ती चांगली आहे. मधल्या फाट्यावर मात्र २ आणि ३ एकत्र असल्यानं तिचा आकडा फसवतो.

आता कामाला लागू. पहिलं काम अगदी साधं. तारा बदलल्यात ना? मग त्या क्रमानं बसल्यात का बघा. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, सेल्फ न मारता समोरून घालायच्या हँडलनं इंजिन फिरवा आणि रोटर कोणत्या दिशेला फिरतो ते डोळ्यांनी पाहा. या इंजिनावर तो घड्याळाच्या उलट फिरतो. त्या दिशेनं मोजत १-३-४-२ लागलं पाहिजे. दोन तारांची अदलाबदल झाली तर दोन सिलिंडर पार बिघडतात आणि कार्बुरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके येतात. तुमचं लक्षण तितकं उग्र नाही, तरी बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, या नव्या तारा कोणत्या जातीच्या आहेत? जुन्या लुकास पद्धतीच्या काही कॅपमध्ये तार बाजूनं आत जाते आणि कॅपच्या आतून टोकदार स्क्रू तारेत घुसून तिला धरतो. त्या स्क्रूला तांब्याच्या गाभ्याची तार लागते. हल्ली दुकानात सहज मिळते ती कार्बनच्या गाभ्याची. तिच्यात स्क्रू घुसतो, बाहेरून घट्ट वाटतो, पण गाभ्याला धड टेकत नाही. मग एखाद्या सिलिंडरची ठिणगी आतल्या आत अडखळते आणि तारा तर नव्या म्हणून कोणी तिकडे बघत नाही. तुमची कॅप तशी असेल तर त्या तारा उतरवा आणि तांब्याच्या घाला.

आता मुख्य चाचणी. एक चांगला जादा प्लग घ्या आणि त्याचं धातूचं अंग जाड वायरनं इंजिनाच्या ब्लॉकला पक्कं जोडा. या इंजिनावर कार्बुरेटर एका बाजूला आणि प्लग दुसऱ्या बाजूला आहेत, ही सोय आहे. तरी पेट्रोल कुठे ओलं नाही ना ते आधी बघा, गाडी उघड्यावर घ्या, बाह्या वर सारा आणि हात पंख्यापासून लांब ठेवा. इंजिन चांगलं गरम करा, आयडलिंग जरा वाढवून ठेवा. मग बंद करून एक नंबरची तार त्या जादा प्लगला लावा, सुरू करा आणि आवाज ऐका. चांगला सिलिंडर तोडला की इंजिन लगेच खाली बसतं, थरथर वाढते. पुन्हा बंद, तार परत जागेवर, आता दोन नंबर. ज्याची तार काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो तुमचा गुन्हेगार. चालू इंजिनवर पकडीनं तारा ओढायची सवय अनेकांना असते. मी ती सोडली, कारण ठिणगीला जायला वाट नसली की ती कॉइल आणि कॅपच्या इन्सुलेशनमधून वाट काढते. या पद्धतीत शिवाय प्रत्येक तारेची ठिणगी समोर दिसते. निळसर-पांढरी, टचटचीत हवी. पिवळी-नारिंगी, आळशी असेल तर मघाचा अपवाद आठवा आणि कंडेन्सर, कॉन्टॅक्ट पॉइंट (कॅपमधले नव्हे, कॅपखाली उघडमिट होऊन कॉइलचा करंट तोडणारे), कॉइल बघा.

कॉइलबद्दल एक गोष्ट. जुन्या ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. डायनामो काढून अल्टरनेटर बसवताना ती उलटवली जाते आणि कॉइलच्या दोन बारीक तारा मात्र तशाच राहतात. गाडी चालते, पण प्लगला उलट्या दिशेचा करंट मिळाल्यानं ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि दुबळा सिलिंडर चुकायला लागतो. तुमच्या गाडीला कधी अल्टरनेटर बसवलाय का, ते सांगा.

समजा तीन नंबर सापडला. आता लगेच काही विकत घ्यायचं नाही. तीनचा प्लग एकमध्ये आणि एकचा तीनमध्ये घाला, पुन्हा चाचणी करा. दोष एकवर गेला तर प्लग वाईट, नवा असला तरी. नवे प्लग सदोष निघतात, आणि हातातून फरशीवर पडलेल्या प्लगचं पोर्सेलिन आत तडकलेलं बाहेरून दिसत नाही. गॅप २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ०.६३ मिमी, फीलर गेजनंच ठेवा. प्लग जागेवर ठेवून मग तारेची अदलाबदल करा. एका वेळी एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बरं झालं तरी का झालं ते कळत नाही.

प्लग आणि तार सुटले की कॅप. ठाण्यात खाडीची दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे कॅपकडे मी विशेष बारकाईनं बघतो. आतून कोरड्या कपड्यानं पुसा, उन्हात तिरकी धरा. दोन पॉइंटच्या मधे किंवा पॉइंटपासून कडेपर्यंत पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती करंटनं जाळून केलेली वाट आहे. ती खरवडून जात नाही, कॅप बदलावीच लागते. रात्री पार्किंगचा दिवा बंद करून बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि तारांवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. ज्या तारेतून गळती आहे तिच्यावर निळी ठिणगी सरपटताना स्वच्छ दिसते.

आता जे सहसा कोणी तपासत नाही ते सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी ऐरोलीहून अशीच एक मार्क टू माझ्याकडे आली. दोन नंबर मिस. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये हेड उतरवून, व्हॉल्व घासून परत बसवलेलं होतं, मालकाचे बरेच पैसे गेले होते आणि गाडी जशीच्या तशी. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, चारही सिलिंडरना उत्तम, प्लग-तार-कॅप ठीक. मग मी डिस्ट्रिब्युटरचे कॉन्टॅक्ट पॉइंट उघडून गॅप मोजला: १५ थाऊ, हवा तितका. एरवी इथेच थांबतात. मी हँडलनं इंजिन फिरवत कॅमच्या चारही टोकांवर गॅप मोजला. १५, १६, १४ आणि चौथ्या टोकावर जेमतेम ६. शाफ्टचं डोकं दोन बोटांत धरून बाजूला ढकललं तर ते हललं आणि डोळ्यांदेखत पॉइंट उघडमिट झाले. खालचं बुश झिजलेलं, शाफ्टही किंचित वाकलेला. त्या चौथ्या टोकावर पॉइंट पुरेसे उघडतच नव्हते. तिथे नुसता आर्क होत होता आणि ठिणगी दोन नंबरच्याच वाट्याला कमी येत होती. म्हणजे सामाईक गठ्ठ्यातली वस्तू एकाच सिलिंडरला त्रास देत होती. वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्याकडून फॉस्फर ब्राँझचं बुश करून घेतलं, दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला सरळ शाफ्ट घातला आणि गायमुखच्या चढावर गाडी टॉपमध्ये नेऊन पाहिली. तेव्हापासून गॅप चारही टोकांवर मोजल्याशिवाय मी कोणाच्या हेडला हात लावत नाही. तुम्हीही मोजा, १४ ते १६ थाऊच्या आत सगळे यायला हवेत. तिथेच बेसप्लेटवरची पॉइंटला जाणारी छोटी वेणीदार तारही बघा. व्हॅक्युममुळे प्लेट पुढेमागे होते, तार वर्षानुवर्षं वाकून आत तुटते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग येतं, सोडला की जातं.

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर मग इंजिनाच्या पोटाकडे वळायचं, पण तरीही न उघडता. तुमच्या गाडीला हँडल आहे, तेच पहिलं साधन. इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक घट्ट. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलला वेढा घालू नका. उलटा फटका बसला तर अंगठा मोडतो. सावकाश फिरवा. दोन फेऱ्यांत चार वेळा हाताला दाब जाणवला पाहिजे, चारही सारखे. एखादा दाब पोकळ, मऊ लागला तर तिथेच थांबून कान द्या. सायलेन्सरच्या तोंडाशी फुस्स ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व, कार्बुरेटरशी आलं तर इनलेट, तेल भरायच्या तोंडाशी आलं तर रिंगा. हे कसब दोन-तीन इंजिनांवर हात फिरला की येतं. तुम्हाला पहिल्यांदा नीट कळलं नाही तरी चालेल.

त्यानंतर कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची तार सुटी, बॅटरी भरलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे. बरेच जण ॲक्सिलरेटर दाबत नाहीत, मग सगळेच आकडे कमी येतात आणि 'इंजिन बसलं' असा निष्कर्ष निघतो. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर उघडायचं कारण नाही. एकच बराच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व. शेजारचे दोन एकत्र कमी असतील तर हेड पॅकिंग. मग थंड इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण काढून सुरू करा आणि पाण्यात बुडबुडे येतात का बघा.

तुमच्या बाबतीत माझा कल व्हॉल्वकडे आहे, आणि त्याला दोन कारणं. गाडी दीड वर्ष उभी होती. इंजिन जिथे थांबतं तिथे एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा राहतोच, आणि आपल्याकडच्या हवेत त्या सीटवर गंज धरतो किंवा व्हॉल्व गाईडमध्ये जड होतो. दुसरं कारण जुनं आहे. या इंजिनांच्या मूळ हेडमध्ये एक्झॉस्टच्या सीटा साध्या बिडात कापलेल्या असतात, आणि पेट्रोलमधलं शिसं त्यांना झिजण्यापासून वाचवायचं. २०००पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. तेव्हापासून व्हॉल्व हळूहळू सीटमध्ये खोल बसत जातो, त्यामुळे टॅपेटचा गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्वच्या दांड्यामधली फट, आपोआप कमी होतो. एक वेळ अशी येते की गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण मिटतच नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्वची कड जळायला लागते. म्हणून टॅपेट टकटक वाजताहेत याची मला तितकी काळजी वाटत नाही. एखादा अगदी गप्प झाला की मी लगेच कव्हर उघडतो.

टॅपेट तपासणं तुम्ही स्वतः करू शकता. समोरून मोजत १ ते ८ व्हॉल्व धरा. १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्ट. नऊची बेरीज लक्षात ठेवा: आठवा पूर्ण दाबला गेला असेल तेव्हा पहिला तपासायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा, असं. गॅप किती आणि तो गरम इंजिनावर की थंड, हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून तसंच ठेवा. फीलर गेज किंचित अडखळत सरकलं पाहिजे. ज्या सिलिंडरवर संशय आहे त्याच्या एक्झॉस्टचा गॅप शून्याच्या जवळ आढळला तर तो नीट करा, पन्नासेक किलोमीटर गाडी चालवा आणि कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. बऱ्याचदा एवढ्यानं आकडा सुधारतो. गंजामुळे बसत नसलेला व्हॉल्वही थोडं चालवल्यावर जागेवर येतो. नाहीच आला, तर मग हेड उतरवा. इंजिन नव्हे, फक्त हेड. आणि तेव्हा एक्झॉस्टला कडक सीटा बसवून घ्या, म्हणजे हा प्रश्न पुन्हा उभा राहणार नाही.

पेट्रोलविषयी थोडक्यात. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यानं मिश्रण पातळ होतं, जुने रबरी पाइप फुगतात, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ओढलेलं पाणी टाकीत तळाला बसू शकतं. पण याचा त्रास चौघांनाही होतो, ठरावीक एकालाच नाही. पाइप बदलून घ्या, तेवढं पुरे.

तर तुमचा क्रम असा ठेवा: फायरिंग ऑर्डर आणि तारांची जात, मग कोणता सिलिंडर ते, मग प्लग-तार-कॅप अदलाबदल, मग पॉइंटचा गॅप चारही टोकांवर, मग कॉम्प्रेशन, मग टॅपेट. गेज सोडलं तर यातल्या कशालाही फार खर्च नाही, आणि गेज एखाद्या दिवसासाठी मागून आणता येतं. मेकॅनिकला तुटक बोलू नका. त्याला सांगा की हेड उतरवण्याआधी मला चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशनचे आकडे लिहून हवेत. चांगला मेकॅनिक याला नाही म्हणणार नाही.

हे करून झालं की चार गोष्टी कळवा: कोणत्या नंबरची तार काढल्यावर फरक पडला नाही, चारही कॉम्प्रेशन कोरडे आणि ऑइल टाकून, पॉइंटचे चार गॅप, आणि आठही टॅपेट तुम्ही हात लावण्याआधी किती होते. शेवटचं विसरू नका. एकदा सेट केले की आधी काय होतं ते कळायचा मार्ग उरत नाही.